जुनं ग्राफिक कार्ड, नवं ग्राफिक कार्ड: कोटेशन वाचायचं कसं?

पिठाच्या गिरणीचं कोटेशन हातात आलं की आपल्या गटातल्या बायका ते नीट वाचतात. मोटार किती एचपीची, आतलं वाइंडिंग तांब्याचं की अ‍ॅल्युमिनियमचं, हे दुकानदाराला विचारायला कुणी कचरत नाही. कॉम्प्युटरचं कोटेशन आलं की मात्र आपण गप्प होतो. "त्यातलं आपल्याला काय कळतंय" म्हणून सही करून मोकळ्या होतो.

आता बरेच गट लग्नपत्रिका, फ्लेक्सचं डिझाइन, लग्नाचे व्हिडिओ जोडून देणं अशी कामं घ्यायला लागले आहेत. त्यांच्या कोटेशनमध्ये एक ओळ हमखास असते: "ग्राफिक कार्ड ४ जीबी". एवढंच. ही ओळ अगदी स्वस्त कार्डाचीही असू शकते आणि त्याहून बऱ्याच महाग कार्डाचीही. पैसा गटाच्या बचतीचा किंवा बँकेच्या कर्जाचा, आणि हप्ता सगळ्यांनी मिळून फेडायचा. म्हणून आज ही एक ओळ आपण उलगडून बघू.

कार्ड करतं काय?

पडद्यावर जे दिसतं ते लाखो बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायला हिशोब करावा लागतो, आणि तो सेकंदाला कितीतरी वेळा. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर अवघड हिशोब पटापट करतो, पण त्याचे हात थोडे. ग्राफिक कार्डात सोपे हिशोब करणारे शेकडो-हजारो छोटे हात असतात आणि ते सगळे एकाच वेळी राबतात.

पापडाचं काम डोळ्यांसमोर आणा. लाटणाऱ्या बायका किती, हे झाले कार्डाचे कोअर. हात किती भरभर चालतो, हा झाला घड्याळाचा वेग, म्हणजे क्लॉक. पिठाची कोठी म्हणजे कार्डावरची मेमरी. कोठीतून लाट्या ओट्यापर्यंत येण्याची वाट म्हणजे मेमरीचा रस्ता, त्याला बँडविड्थ म्हणतात. बाईच्या हाताशी ठेवलेली छोटी परात म्हणजे कॅश. आणि चुलीला लागणारं जळण म्हणजे वीज, जी वॅटमध्ये मोजतात. जुन्या-नव्या कार्डांची तुलना करायची ती याच गोष्टींची.

आधी काम सांगा, मग कार्ड

गटाचा हिशोब ठेवायचा, मराठी टायपिंग करायचं, ऑनलाइन फॉर्म भरायचे, एमएस-सीआयटी शिकवायचं, आवाज रेकॉर्ड करून कापायचा, या कशालाच वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही. आमच्या रेडिओच्या कार्यक्रमांचं आवाजाचं एडिटिंगही कार्डाशिवाय होतं. लग्नपत्रिका आणि साधे फ्लेक्सही प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर होतात. तिथे पैसा घालायचाच असेल तर रॅम आणि एसएसडीवर घाला.

इथे एक मेख आहे. इंटेलच्या काही प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असतं, जसं आय थ्री १२१००एफ. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. असा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण मग कार्डाशिवाय पडद्यावर चित्रच येत नाही. तेव्हा कोटेशनमध्ये एफ दिसला तर विचारा, "हा एफ नको, बिनएफचा घेतला तर कार्ड टाळता येईल का?" टायपिंग आणि पत्रिकांचं काम असेल तर बहुतेक वेळा टाळता येतं.

कार्ड खरंच लागतं ते व्हिडिओ एडिटिंगला, त्रिमितीय चित्रांना, घराचे थ्रीडी नकाशे बनवायला आणि गेमला. डाविंची रिझॉल्व्हसारखा व्हिडिओचा प्रोग्राम तर बहुतेक भार कार्डावरच टाकतो.

नावातले आकडे

एनव्हीडिया कंपनीच्या कार्डाचं नाव घेऊ: जीटीएक्स १०६०. पहिले दोन आकडे पिढीचे, म्हणजे दहावी मालिका. शेवटचे दोन आकडे त्या पिढीतल्या पायरीचे. ३० म्हणजे खालची पायरी, ५० त्यावरची, ६० मधली, ८० वरची. आरटीएक्स ३०६० हे तिसाव्या मालिकेतलं मधल्या पायरीचं कार्ड.

म्हणून आकडा मोठा दिसला की कार्ड मोठं, असं धरू नका. २०१६ चं जीटीएक्स १०८० आणि २०२२ चं आरटीएक्स ३०५० बघा. ३०५० हा आकडा मोठा आणि कार्डही नवं. पण १०८० च्या मेमरीचा रस्ता सेकंदाला ३२० जीबी वाहतो आणि ३०५० चा २२४. जुन्या घरची थोरली सून आणि नव्या घरची धाकटी, असा हा प्रकार आहे. पिढी आणि पायरी दोन्ही बघायच्या.

एकाच पायरीची तीन कार्डं

आता ६० च्या पायरीवरची तीन पिढ्यांतली तीन कार्डं शेजारी शेजारी मांडू.

जीटीएक्स १०६० (६ जीबी), २०१६: कोअर १२८०, वेग सुमारे १.७ गीगाहर्ट्‌झ, मेमरी ६ जीबी जीडीडीआर५, रस्ता १९२ बिट, सेकंदाला १९२ जीबी, वीज १२० वॅट.

आरटीएक्स ३०६० (१२ जीबी), २०२१: कोअर ३५८४, वेग सुमारे १.७८ गीगाहर्ट्‌झ, मेमरी १२ जीबी जीडीडीआर६, रस्ता १९२ बिट, सेकंदाला ३६० जीबी, वीज १७० वॅट.

आरटीएक्स ४०६० (८ जीबी), २०२३: कोअर ३०७२, वेग सुमारे २.४६ गीगाहर्ट्‌झ, मेमरी ८ जीबी जीडीडीआर६, रस्ता १२८ बिट, सेकंदाला २७२ जीबी, वीज ११५ वॅट.

पहिल्या दोघांची तुलना सोपी आहे. ३०६० मध्ये कोअर जास्त, मेमरी दुप्पट, रस्ता जलद. वीज मात्र ५० वॅट जास्त.

गंमत दुसऱ्या आणि तिसऱ्यात आहे. ४०६० नवं, पण त्यात कोअर कमी, मेमरी कमी, रस्ताही अरुंद. नुसते हे आकडे बघितले तर कुणीही म्हणेल, नवं कार्ड वाईट. प्रत्यक्षात बहुतेक कामांत ४०६० थोडं पुढे राहतं. कारण तीन.

एक, हात भरभर चालतो. लाटणाऱ्या बायकांच्या संख्येला हाताच्या वेगाने गुणा. ३५८४ गुणिले १.७८ म्हणजे सुमारे ६,३८०. ३०७२ गुणिले २.४६ म्हणजे सुमारे ७,५५७. बायका कमी असूनही काम जास्त उरकतं.

दोन, हाताशी मोठी परात. ३०६० मध्ये कॅश ३ एमबी आहे, ४०६० मध्ये २४ एमबी. परात मोठी असली की कोठीकडे फेऱ्या कमी होतात, म्हणून अरुंद वाटेवरही बरंच भागतं.

तीन, ४०६० ची चिप जास्त बारीक कारागिरीची आहे. तेवढ्याच जागेत जास्त भाग बसतात आणि कामाच्या मानाने वीज कमी लागते.

विजेचा हिशोब करू. १७० वजा ११५ म्हणजे ५५ वॅटचा फरक. कार्ड पूर्ण भाराने रोज ६ तास, महिन्यात २५ दिवस चाललं तर ८,२५० वॅट-तास, म्हणजे सव्वाआठ युनिट. फरक फार मोठा नाही, पण इन्व्हर्टरवर काम करणाऱ्यांना तो जाणवतो. आणि हा कमाल आकडा आहे. नुसतं टायपिंग चालू असताना कार्ड फारच कमी वीज खातं.

पण जुन्या ३०६० चा एक मोठेपणा उरतोच, तिची १२ जीबीची कोठी. मोठ्या रिझोल्यूशनचा, बरेच थर असलेला व्हिडिओ जोडताना ८ जीबी भरली, तर प्रोग्राम रडतखडत चालतो किंवा "जीपीयू मेमरी फुल" म्हणून थांबतो. परात कितीही मोठी असली तरी कोठीत पीठच मावलं नाही तर काय करणार? म्हणजे जड थ्रीडी आणि मोठ्या व्हिडिओच्या कामाला जुनं १२ जीबीचं कार्ड सोयीचं पडू शकतं, आणि साध्या फुल एचडी व्हिडिओला नवं ८ जीबीचं.

४ जीबीचं जुनं आणि २ जीबीचं नवं

गावाकडच्या कोटेशनमध्ये इतकी महाग कार्डं क्वचित असतात. तिथे जास्त दिसतं ते जीटी ७३०, "४ जीबी" असं ठळक छापलेलं. त्याच्या शेजारी जीटी १०३० ठेवलं तर ते २ जीबीचं. बाई साहजिकच चार जीबीकडे हात करते.

७३० हे २०१४ चं कार्ड. त्याच्या ६४ बिट, डीडीआर३ मेमरीच्या प्रकारात सेकंदाला फक्त १४.४ जीबी माल वाहतो. १०३० हे २०१७ चं, त्याच्या जीडीडीआर५ प्रकारात सेकंदाला ४८ जीबी. कोअर दोघांतही ३८४ च. म्हणजे एकीकडे मोठी कोठी आणि चिखलाची पाऊलवाट, दुसरीकडे छोटी कोठी आणि डांबरी रस्ता. ७३० ला ते ४ जीबी वेळेत वापरताच येत नाहीत. ४ जीबी हा आकडा तिथे दिसायला आहे, कामाला नाही.

तरी व्हिडिओचं काम घेणाऱ्या गटाने १०३० सुद्धा घेऊ नये. व्हिडिओ तयार झाला की तो दाबून, लहान करून फाइल काढावी लागते. त्यासाठी बऱ्याच कार्डांत वेगळा भाग असतो, त्याला एनकोडर म्हणतात. १०३० मध्ये तो भाग नाही. सगळं ओझं मग प्रोसेसरवर येतं. एनकोडर हवा आणि वीजही कमी हवी, तर २०१९ चं जीटीएक्स १६५० बघा. कोअर ८९६, मेमरी ४ जीबी जीडीडीआर५, सेकंदाला १२८ जीबी, वीज ७५ वॅट. कोटेशनमध्ये तेही "४ जीबी"च आणि ७३० ही "४ जीबी"च! एकाचा रस्ता दुसऱ्याच्या जवळपास नऊपट जलद. म्हणून म्हणतो, नुसत्या जीबीवर सही करू नका.

एकच नाव, आत वेगळा माल

गिरणीच्या मोटारीत तांबं की अ‍ॅल्युमिनियम, हे बाहेरून कळत नाही. कार्डाचंही तसंच. जीटी १०३० नावाचंच दुसरं कार्ड २०१८ मध्ये आलं, डीडीआर४ मेमरीचं. त्याचा रस्ता सेकंदाला ४८ वरून १६.८ जीबीवर आला. खोक्यावर नाव तेच. जीटीएक्स १०६० चा ३ जीबीचा प्रकार आहे, त्यात मेमरी तर निम्मी आहेच, कोअरही १२८० ऐवजी ११५२ आहेत. आरटीएक्स ३०६० चा ८ जीबीचा प्रकार आहे, त्याचा रस्ता ३६० ऐवजी २४० जीबीचा. तेव्हा नावासोबत मेमरी किती, कोणत्या जातीची आणि किती बिटची, हे तिन्ही लिहून घ्या.

आणखी एक. वेगवेगळ्या कंपन्यांचे कोअर एकमेकांशी मोजू नका. एएमडी कंपनीच्या आरएक्स ५८० मध्ये २,३०४ कोअर आहेत आणि एनव्हीडियाच्या १०६० मध्ये १,२८०. तरी गेममध्ये दोघांचं काम जवळपास सारखं. वीज मात्र ५८० ला १८५ वॅट लागते आणि १०६० ला १२०. दोन कंपन्यांतली निवड करायची तर आकडे बाजूला ठेवा आणि आपल्याच कामाची फाइल दोन्हीकडे चालवून बघा.

औषधाची तारीख

कार्ड चालायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो. कंपनी तो सुधारत राहते. एक दिवस ते थांबतं, मग नवे प्रोग्राम त्या कार्डावर अडतात आणि सुरक्षेची भोकं बुजवली जात नाहीत. ३८४ कोअरचं जीटी ७३० ज्या केप्लर पिढीतलं आहे, तिच्या सुरक्षा दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ मध्ये संपल्या. जीटी १०३० आणि जीटीएक्स १०६० पास्कल पिढीतली. त्यांचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ, असं कंपनीने जाहीर केलं आहे. १६ च्या आणि २० च्या मालिकेपासून पुढची कार्डं या यादीत नाहीत.

कर्ज तीन-पाच वर्षांचं असेल तर हप्ता संपण्याआधी कार्डाची तारीख संपू नये, एवढं बघायचंच.

पेटीत बसेल का?

कार्ड चांगलं असून उपयोग नाही, ते आपल्या कॉम्प्युटरला जमलं पाहिजे. कचेऱ्यांतून निघालेले बारीक, आडव्या पेटीचे जुने कॉम्प्युटर खूप विकले जातात. त्यांत पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, लो-प्रोफाइल म्हणजे बुटकं कार्डच लागतं. आतला वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस, छोटा असतो आणि कार्डाला वीज देणारी वेगळी वायर बहुतेक वेळा नसते. ३०६० आणि ४०६० ला कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, १०६० ला ४०० वॅटचा. या तिन्हींना वेगळी वायर लागते. स्वस्तातला, नाव नसलेला एसएमपीएस लावून महागडं कार्ड चालवू नका. तो बिघडला तर कार्डही घेऊन जातो.

मॉनिटरची वायरही बघा. गटाकडे निळ्या तोंडाचा जुना व्हीजीए मॉनिटर असेल, तर १०६० पासून पुढच्या कार्डांना ती वायर थेट लागत नाही. कन्व्हर्टर किंवा नवा मॉनिटर हा खर्च आधीच हिशोबात धरा.

सेकंडहँड घेताना

काही वर्षांपूर्वी इथेरियम हे आभासी चलन मिळवायला लोक रात्रंदिवस ग्राफिक कार्डं चालवत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमची पद्धत बदलली आणि ते काम एका दिवसात बंद झालं. त्या वेळची बरीच कार्डं जुन्या बाजारात आली. ३०६० हे त्याच काळातलं. अशी सगळीच कार्डं खराब नसतात, पण पंखे झिजलेले आणि चिपवरची उष्णतेची पेस्ट वाळलेली असू शकते.

दुसरा धोका खोट्या कार्डांचा. खूप जुन्या कार्डाच्या आतलं नाव बदलून ते "१०५० टीआय" म्हणून विकलं जातं. विंडोजसुद्धा तेच खोटं नाव दाखवते. जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम दुकानातच चालवायला सांगा. तो कोअर, मेमरीची जात, बिट, सेकंदाचा वेग सगळं दाखवतो, आणि एनव्हीडियाचं बनावट कार्ड ओळखलं तर तसं नावापुढे लिहितो. मग आपला व्हिडिओ किमान अर्धा तास चालवून बघा. पडद्यावर रेघा, ठिपके आले, पंखा खरखरला किंवा कॉम्प्युटर आपोआप बंद पडला, तर ते कार्ड तिथेच ठेवून निघा.

कोटेशनमध्ये हे लिहून घ्या

गटाच्या बैठकीत ठराव करण्याआधी दुकानदाराकडून एवढ्या गोष्टी कागदावर घ्या:

१. कार्डाचं पूर्ण नाव आणि बनवणारी कंपनी.
२. मेमरी किती जीबी, कोणत्या जातीची, किती बिट.
३. व्हिडिओचं काम असेल तर एनकोडर आहे का.
४. वीज किती वॅट आणि सोबतचा एसएमपीएस कोणत्या कंपनीचा, किती वॅटचा.
५. नवं की वापरलेलं, आणि वॉरंटी किती, कंपनीची की दुकानाची.
६. जीएसटी क्रमांकासह पक्कं बिल, त्यावर कार्डाचा सीरियल नंबर.

सीरियल नंबर आवर्जून घ्या. दुरुस्तीला दिलेल्या कॉम्प्युटरमधलं कार्ड बदललं गेलं तर दाखवायला तोच पुरावा. बिलावर एक लिहिलं आणि पेटीत दुसरं निघालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बिल पक्कं असेल तर तक्रारीत दम राहतो.

दुकानदार म्हणेल, "ताई, तुम्हाला एवढं कशाला हवंय, मी चांगलंच देतो." देतही असेल. पण हप्ता आपण भरणार आहोत. गिरणीच्या मोटारीबद्दल विचारतो तेवढ्याच सहज विचारायचं, "ही मेमरी डीडीआर३ आहे की जीडीडीआर५?" उत्तर काय मिळतं त्यावरून कार्ड कळेल आणि दुकानदारही कळेल.

गटातली एखादी शिकणारी मुलगी सोबत न्या आणि हे पान पिशवीत ठेवा. कोटेशन आलं असेल आणि एखादी ओळ अडत असेल, तर तिचा फोटो आम्हाला पाठवा. पुढच्या कार्यक्रमात आपण ती ओळ सगळ्या मिळून वाचू. नमस्कार.